न सांगता दिलेली पुडी

तापी आणि गोमाईच्या संगमावरचे प्रकाशा म्हणजे खानदेशची दक्षिण काशी. केदारेश्वराला येणारा भाविक बेल वाहतो, तसा धोत्राही वाहतो. पण धोत्र्याचे बी कोणी तोंडात टाकत नाही. ते पोटात गेले की माणूस बरळतो, नसलेली माणसे त्याला दिसू लागतात, प्रसंगी जीवही जातो, हे आपल्या आज्यांना पक्के ठाऊक होते. धोत्र्यातील ॲट्रोपिन आणि स्कोपोलामिन ही द्रव्ये मेंदूतील ॲसिटिलकोलीन या निरोप्याची वाट अडवतात, हे शास्त्राने पुढे सांगितले. वनस्पती मेंदूपर्यंत पोहोचते, हे ज्ञान आपल्याकडे जुनेच आहे.

मग दारू सोडवणाऱ्या पुडीच्या बाबतीत आपण ते का विसरतो? ‘झाडपाल्याचे आहे, अपाय नाही’ असे म्हणून ती विकली जाते. पुडीवर घटकांची नावे नसतात आणि विकणाऱ्याचा पत्ता दुसऱ्या बाजारापर्यंतही टिकत नाही. तिचे मुख्य आकर्षण वेगळेच असते: पिणाऱ्याला न सांगता चहात किंवा भाजीत मिसळा. नवऱ्यापुढे बोलण्याची सोय नसलेल्या बाईला याहून मोठे आमिष कोणते?

बँकेत अधिकारी असताना कर्जवसुलीसाठी मी खेडोपाडी फिरलो. कागदावर थकबाकीचे कारण ‘नापिकी’ असे लिहिलेले असे. ओसरीवर बसून पाणी प्यायल्यावर घरातली बाई हलक्या आवाजात दुसरे कारण सांगे. अशा बाईने शेवटचे शंभर रुपये पुडीवर घातले, तर तिला हसण्याचा अधिकार कुणालाच नाही. पण तिला खरे सांगण्याचे कर्तव्य मात्र आपले आहे.

खरे असे, की दारू मेंदूचा ब्रेक दाबते आणि ॲक्सिलरेटर सैल करते. ‘गाबा’ हा मेंदूला शांत करणारा निरोप्या, तर ‘ग्लुटामेट’ चेतवणारा. रोज पिणाऱ्याचा मेंदू तोल सांभाळण्यासाठी स्वतःचा ब्रेक कमजोर करतो आणि ॲक्सिलरेटर वाढवून ठेवतो. अशा माणसाची दारू एकाएकी बंद झाली की गाडी उधळते. हात थरथरतात, घाम फुटतो, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि नंतर भ्रम होऊन जीवही धोक्यात येतो. म्हणजे पुडीने खरोखरच दारू तुटली, तरी तो दिवस दवाखान्यात काढायचा असतो. घरी काय चालले आहे हे ज्याला ठाऊकच नाही, तो दवाखान्यात जाणार कसा?

वनौषधींत काहीच नाही, असे मात्र नव्हे. आपल्या विदारीकंदाचा एक सगोत्र वेल चीनमध्ये होतो. त्याला कुड्झू म्हणतात आणि मद्यविकारावर तो तिकडे जुन्या काळापासून वापरतात. 1993 मध्ये हार्वर्डच्या कुंग आणि व्हॅली यांनी त्यातील डायड्झिन हे द्रव्य दारूची चटक असलेल्या हॅमस्टर जातीच्या उंदरांना दिले, तेव्हा ते कमी पिऊ लागले. 2005 मध्ये अमेरिकेतच 14 माणसांवर कुड्झूच्या अर्काचा प्रयोग झाला. त्यांनी बिअर कमी घेतली, घोट लहान झाले. पण पिण्याची इच्छा होती तशीच राहिली. मला यातच सारे सार दिसते. वेलीने घोट लहान केला. ओढ तिच्या हाती लागली नाही.

दुसरे उदाहरण सर्पगंधेचे. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये रक्तदाबावरचा तिचा गुण जगापुढे मांडला. पुढे तिच्यातून रेसरपिन वेगळे काढले गेले. ते मज्जातंतूंच्या टोकांशी साठलेले डोपामिन आणि सेरोटोनिन रिकामे करते. काही रुग्णांना खोल खिन्नता आल्याच्या नोंदीही झाल्या. जी मुळी गुण देते ती अवगुणही देऊ शकते. म्हणून मात्रा हवी, वैद्य हवा आणि रोग्याची संमती हवी.

आयुर्वेदानेही यापेक्षा वेगळे सांगितलेले नाही. चरकसंहितेत मदात्ययावर स्वतंत्र अध्याय आहे, आणि वाईट सवय एकदम न तोडता पावपाव भागाने सोडावी, असा उपदेशही आहे. त्यात रोगी हा वैद्यासमोर बसलेला जाणता माणूस आहे. चोरून औषध पाजण्याचे पात्र नव्हे.

आणि हे आपल्याच मातीने करून दाखवले आहे. 1938 च्या सुमारास तळोद्याकडच्या गुला महाराजांच्या आरतीला हजारो आदिवासी जमत आणि दारू सोडत. 1972 नंतर शहादा तालुक्यात श्रमिक संघटना उभी राहिली. अंबरसिंग सुरतवंतींसारख्या कार्यकर्त्यांच्या त्या चळवळीत आदिवासी बायका गटाने निघाल्या आणि त्यांनी दारूची मडकी फोडली. त्यांनी काही चोरून मिसळले नाही. भर चौकात, चारचौघांत सांगितले. पुण्यात 1986 साली सुरू झालेल्या मुक्तांगणचा पायाही हाच: औषध आहेच, पण त्याच्या जोडीला बोलणे आहे, घरच्यांना सामील करणे आहे आणि सुटलेल्यांची सोबत आहे.

तेव्हा ज्या घरात हे दुःख आहे त्यांनी तीन गोष्टी कराव्यात. निनावी पुडी घेऊ नये. रोज पिणाऱ्याची दारू तोडायची असेल, तर आधी जवळच्या सरकारी रुग्णालयात डॉक्टरांना भेटावे. वैद्याचे औषध चालू असेल तर तेही त्यांना सांगावे. आणि माणूस शुद्धीवर असेल अशा सकाळी त्याच्याशी बोलावे; एकटीने बोलवत नसेल, तर सासू, दीर किंवा शेजारची वडीलधारी बाई यांना बरोबर घ्यावे.

मेंदू सावरायला महिने लागतात. त्या महिन्यांत माणसाचा घरच्यांवर विश्वास हवा. ताटातल्या भाजीबद्दलच ज्याला संशय आला, त्याचा तो विश्वास कोणत्या मुळीने परत आणायचा?