नळावरची पाटी आणि मोजमापाची मालकी

घरी बिअर तयार करणाऱ्या अमेरिकी हौशी मंडळींच्या गॅरेजमध्ये गेल्या दहा-बारा वर्षांत भिंतीवर एक नवी वस्तू दिसू लागली आहे. शीतपेटीला बसवलेल्या तीन-चार नळांच्या वर जुना दूरचित्रवाणी संच टांगलेला असतो. पडद्यावर प्रत्येक नळाची एक ओळ असते. तीत बिअरचे नाव, प्रकार, रंग, कडवटपणाचा आकडा, मद्यार्काचे प्रमाण आणि सर्वांत शेवटी पिंपात किती शिल्लक आहे हे दाखवणारे छोटेसे चित्र असते. कोणी पेला भरला की चित्रातील पातळी तेवढीच खाली सरकते. हा फलक दुकानातून आणलेला नसतो. पस्तीस डॉलरच्या आसपास मिळणारा एक चिमुकला संगणक, काही संवेदक, थोडी तारजोडणी आणि कोणीतरी विनामूल्य खुली करून ठेवलेली संगणकप्रणाली यांतून तो घरातच उभा केलेला असतो.

वरवर पाहता हा फावल्या वेळेचा छांदिष्टपणा आहे. मद्याविषयी ज्यांचे मत प्रतिकूल आहे त्यांना तर तो निरुद्योगीपणाही वाटेल. तथापि या फलकाच्या निमित्ताने उभा राहणारा प्रश्न बिअरपुरता मर्यादित नाही. आपल्या घरातील वस्तूंचे मोजमाप करणारे यंत्र कोणाच्या हुकमतीत असावे, आपल्या की ते विकणाऱ्या कंपनीच्या, असा तो प्रश्न आहे. येत्या काळात तो प्रत्येक शहरी घराच्या दारात येणार आहे, किंबहुना आलाच आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेतील दारूबंदी १९३३ मध्ये उठली तेव्हा घरगुती वाइनला कायद्याने मुभा मिळाली, पण घरगुती बिअर त्यातून वगळली गेली. ही उणीव दूर व्हायला पंचेचाळीस वर्षे लागली. ऑक्टोबर १९७८ मध्ये अध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या विधेयकातील एका कलमाने स्वतःच्या वापरासाठीची बिअर संघराज्याच्या करातून मुक्त केली. एका प्रौढाच्या घराला वर्षाला १०० गॅलन, म्हणजे सुमारे ३७९ लिटर, आणि दोन वा अधिक प्रौढांच्या घराला २०० गॅलन अशी मर्यादा ठरली. विक्रीला मात्र बंदी कायम राहिली. राज्यांचे कायदे त्यानंतर सावकाश बदलले. अलाबामा आणि मिसिसिपी या शेवटच्या दोन राज्यांनी परवानगी दिली ती थेट २०१३ मध्ये. त्या सहीच्या सुमारास संपूर्ण अमेरिकेत बिअरचे कारखाने शंभराच्याही आत उरले होते. आज ही संख्या नऊ हजारांच्या वर आहे आणि यातील अनेक उद्योजकांनी पहिले धडे स्वयंपाकघरातच गिरवले होते. आता ही लाट ओसरते आहे. २०२४ मध्ये नव्याने सुरू झालेल्या कारखान्यांपेक्षा बंद पडलेल्यांची संख्या अधिक होती. हौस मात्र घरात टिकून आहे.

या हौसेत मोजमापाला इतके महत्त्व का, हे समजण्यासाठी आणखी मागे जावे लागेल. बिअर हा धंदा मोजमापाने घडवलेला आहे. इंग्लंडमध्ये जॉन रिचर्डसन यांनी १७८४ च्या सुमारास द्रवातील शर्करेचा अंश मोजणारे उपकरण बिअर बनवणाऱ्यांच्या हाती दिले. स्वस्त म्हणून वापरले जाणारे तपकिरी माल्ट प्रत्यक्षात महाग पडते, कारण त्यातून अर्क कमी निघतो, हे त्या आकड्यांनी उघड केले आणि जुन्या रूढ पाककृती बदलल्या. मँचेस्टरशेजारच्या सॅलफर्डमध्ये जन्मलेले भौतिकशास्त्रज्ञ जेम्स जूल हे बिअर उत्पादकाचे पुत्र होते. आम्ल-अल्कता मोजण्याचे पीएच हे माप सॉरेन्सन यांनी १९०९ मध्ये मांडले ते कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत. थोड्या नमुन्यांवरून निष्कर्ष काढण्याची संख्याशास्त्रातील सुप्रसिद्ध ‘टी’ चाचणी १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने प्रसिद्ध झाली. तिचे जनक विल्यम गॉसेट हे गिनेस कंपनीचे नोकर होते. सारांश, अचूक मोजण्याची ताकद शंभर-सव्वाशे वर्षे मोठ्या कारखान्यांच्या भिंतीआड होती. गॅरेजमधील तो पडदा म्हणजे ही ताकद सामान्य माणसाच्या हाती आल्याची खूण आहे.

ती कशी आली, हेही रंजक आहे. शीतपेय कंपन्या पूर्वी आपला पाक साधारण १९ लिटरच्या पोलादी पिंपांतून उपाहारगृहांना पाठवत. पुढे त्यांनी पुठ्ठ्याच्या खोक्यातील पिशव्या स्वीकारल्या आणि भंगारात निघालेली पिंपे हौशी मंडळींनी स्वस्तात उचलली. जुन्या आडव्या फ्रीझरला तापमान-नियंत्रक जोडून त्यात ही पिंपे ठेवली की घरगुती नळ तयार झाला. राहता राहिला हिशेब. पोलादी पिंपाच्या आत दिसत नाही. मित्रमंडळी जमलेली असताना नळाने फुरफुर करून दम तोडला की मगच ते रिकामे झाल्याचे कळते. फेब्रुवारी २०१२ मध्ये इंग्लंडातील केंब्रिज येथून ‘रास्पबेरी पाय’ हा पत्त्याच्या आकाराचा संगणक बाजारात आला आणि या अडचणीवर उपाय सापडला. मुलांना संगणक-प्रोग्रॅमिंग शिकवणे हा त्याचा मूळ हेतू. ‘रास्पबेरीपिंट्स’ ही मुक्तस्रोत प्रणाली याच संगणकासाठी लिहिली गेली. ‘केगबॉट’ हा असाच दुसरा प्रकल्प तर त्याहूनही जुना. ज्याला हवे त्याने या प्रणाली उतरवून घ्याव्यात, वाचाव्यात, बदलाव्यात.

यामागील तंत्र समजायला अवघड नाही. नळाकडे जाणाऱ्या नळीत प्रवाहमापक बसवतात. त्यात लोहचुंबक बसवलेले एक लहानसे चक्र असते. द्रव वाहू लागला की चक्र फिरते आणि बाहेरचा संवेदक प्रत्येक फेऱ्याला विजेचे स्पंद देतो. बाजारात सर्रास मिळणाऱ्या स्वस्त मापकाच्या माहितीपत्रकात लिटरमागे ४५० स्पंद असा आकडा असतो. म्हणजे ३५५ मिलिलिटरचा पेला भरला की सुमारे १६० स्पंद. ते मोजायचे, पिंपातील साठ्यातून वजा करायचे आणि उरलेला आकडा पडद्यावर दाखवायचा. १९ लिटरच्या पिंपात असे ५३ पेले निघतात.

कागदावरचे हे गणित नळापाशी मात्र चुकते. माहितीपत्रकातील आकडा पाण्याचा असतो. बिअरमध्ये वायू विरघळलेला असतो आणि नळीत फेस झाला की बुडबुडेही चक्र फिरवतात. मग द्रव थोडा वाहूनही स्पंद जास्त येतात. पाच टक्क्यांची चूक धरली तरी पिंपामागे जवळपास एक लिटरचा फरक पडतो. म्हणून अनुभवी माणूस माहितीपत्रकावर विसंबत नाही. तो ठरावीक पेला भरतो, वजनकाट्यावर तोलतो, स्पंद मोजतो आणि आपल्या नळाचा आकडा स्वतः ठरवतो. काहीजण प्रवाहमापक सोडून पिंपाखाली वजन मोजणारे संवेदक ठेवतात. त्यांना फेसाची बाधा नाही, बिअरशी संपर्क नाही. पण सतत भार सोसून आणि तापमान बदलून त्यांचे शून्यच हळूहळू सरकते, शिवाय शीतपेटीतील ओलाव्याने जोडण्या गंजतात. रास्पबेरी पायच्या जोडखिळ्यांना ३.३ व्होल्टच सोसतात. पाच व्होल्टचा संवेदक थेट जोडला तर संगणक दगावू शकतो, म्हणून मध्ये दाब उतरवणारे सर्किट लागते. फलकावरील मद्यार्काचा आकडा तर कोणताच संवेदक देत नाही. आंबवण्यापूर्वीचे आणि नंतरचे विशिष्ट गुरुत्व माणसानेच मोजायचे आणि त्यांतील फरकाला १३१.२५ ने गुणायचे. १.०५० वरून १.०१० वर आलेल्या बिअरमध्ये सव्वापाच टक्के मद्यार्क असतो तो या हिशेबाने.

हा तपशील मुद्दाम दिला. ज्याने फलक स्वतः बांधला त्याला त्यावरचा कोणता आकडा किती खरा हे ठाऊक असते. आकड्यावर विश्वास ठेवणे आणि आकडा कुठून आला हे जाणणे यांत अंतर आहे. विकतच्या चकचकीत यंत्रात हे अंतर झाकलेले असते.

ते झाकले गेल्यावर काय होते, याचा धडा याच क्षेत्राने घेतला आहे. सिएटलच्या ‘पिकोब्रू’ या कंपनीने घरबसल्या बिअर बनवणारी स्वयंचलित यंत्रे विकली. लोकवर्गणीतून पैसा उभा राहिला, कौतुकही झाले. यंत्र ग्राहकाच्या ओट्यावर असले तरी त्याची बुद्धी इंटरनेटवरील कंपनीच्या सर्व्हरमध्ये होती. पाककृती तिथूनच उतरत आणि काही यंत्रांना तर कंपनीनेच पुरवलेल्या तयार मिश्रणाच्या पाकिटांची गरज असे. २०२० मध्ये कंपनी आर्थिक अडचणीत येऊन तिचा कारभार प्रशासकाकडे गेला आणि शेकडो डॉलर मोजून घेतलेली धडधाकट यंत्रे उद्या चालतील की नाही, असा प्रश्न मालकांपुढे पडला. यंत्रात काहीही बिघडले नव्हते, सर्व्हरचे वीजबिल कोण भरणार एवढाच प्रश्न होता. शेवटी हौशी प्रोग्रॅमर मंडळींनीच यंत्र आणि सर्व्हर यांच्यातील संभाषण उलगडले आणि घरच्या संगणकावर चालेल असा पर्यायी सर्व्हर लिहून सर्वांना खुला केला. तो कशावर चालतो? त्याच रास्पबेरी पायवर!

प्रश्न केवळ यंत्र बंद पडण्याचा नाही. केगबॉटसारख्या प्रणालीत कोणी किती पेले घेतले याचीही नोंद ठेवता येते. ही नोंद घरच्या संगणकात राहिली तर ती यजमान आणि पाहुणे यांच्यातील बाब. हवी तर ठेवावी, नको तर पुसावी. तीच परक्या सर्व्हरवर गेली की ती आरोग्याविषयीची माहिती होते आणि ती कोणाच्या हाती पडेल हे सांगता येत नाही.

अर्थात, स्वतः बांधणे म्हणजे संपूर्ण स्वावलंबन, असा भाबडा समज नको. २०२१ नंतर जगभर चिपचा तुटवडा झाला तेव्हा रास्पबेरी पाय कित्येक महिने मिळेनासा झाला होता. २०२४ मध्ये ही कंपनी लंडनच्या शेअर बाजारात नोंदली गेली, म्हणजे तिलाही आता भागधारकांना उत्तर द्यावे लागते. मुक्तस्रोत प्रकल्पही त्याच्या कर्त्याचा उत्साह संपला की थंडावतात. फरक एवढाच की तिथे पुढे जाण्याची वाट खुली असते. एक संगणक मिळाला नाही तर दुसरा चालतो, कर्ता थकला तर दुसरा कोणी काम उचलू शकतो. बंदिस्त यंत्रात ही वाटच बुजवलेली असते.

आपल्याकडे हा फलक जसाच्या तसा येणार नाही, येऊही शकत नाही. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने, जो आता महाराष्ट्र दारूबंदी कायदा म्हणून ओळखला जातो, परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा ठरवला आहे. २००९ मध्ये पुण्यात ‘डूलाली’ने सूक्ष्म बिअरनिर्मिती सुरू केली ती रीतसर परवाना घेऊन. मात्र बिअर वगळली तरी तंत्र उरते. जे चक्र बिअरचे स्पंद मोजते ते मुळात पाण्यासाठीच बनवलेले आहे. मुंबई-पुण्यातील सोसायट्या उन्हाळ्यात टँकरचे पाणी विकत घेतात आणि दहा हजार लिटरचा टँकर खरोखर दहा हजार लिटरचा होता का, हा वाद गच्चीवरच्या टाकीत काठी बुडवून मिटवतात. मोठ्या नळीला मोठा मापक लागेल, एवढेच. तत्त्व तेच, संगणक तोच. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला हे काम जड जाऊ नये.

दुसरीकडे, विजेच्या मीटरपासून पाण्याच्या शुद्धीकरण यंत्रापर्यंत अनेक उपकरणे आता मोबाइलवरील ॲप आणि दूरच्या सर्व्हरशी बांधलेली येत आहेत. युरोपीय संघाने २०२४ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा निर्देश मंजूर केला. आपल्या केंद्र सरकारनेही २०२२ मध्ये या विषयावर समिती नेमली आणि संकेतस्थळ सुरू केले. ही पावले स्वागतार्ह आहेत. पण केवळ सुटे भाग मिळण्याची हमी पुरेशी नाही. ज्या वस्तूचा मेंदू सर्व्हरमध्ये आहे तिच्या बाबतीत, कंपनीने सेवा बंद केल्यास यंत्राशी संवाद साधण्याची रीत ग्राहकांना खुली करावी, अशी अट कायद्यातच असायला हवी. तसे झाले असते तर पिकोब्रूच्या ग्राहकांना आपल्याच यंत्राची कुलपे चोरवाटेने उघडावी लागली नसती.

तोपर्यंत ग्राहकाने निदान एवढे करावे. मोजणारे कोणतेही यंत्र घरात आणताना दुकानदाराला विचारावे की इंटरनेट बंद असताना हे चालते का, आणि आकडा कुठे साठतो? भिंतीवरचा फलक बांधणाऱ्या माणसाला ही दोन्ही उत्तरे ठाऊक असतात. त्याचा आकडा कधी थोडा चुकेल, पण चुकला तर पेला आणि वजनकाटा घेऊन तो दुरुस्त करणे त्याच्याच हातात असते.