साच्यातून निघालेला कागद



आमच्या शेजारच्या मावशी पायाच्या गळवासाठी आठ दिवस दवाखान्यात भरती होत्या. सुटी मिळाली तेव्हा हाती कॉम्प्युटरवर छापलेले स्वच्छ डिस्चार्ज कार्ड पडले. घरी नववीतली नात ते वाचू लागली आणि एका ओळीशी थांबली. "आजी, यात लिहिलंय, कुठल्याही औषधाची अ‍ॅलर्जी नाही. पण तुला पेनिसिलिन चालत नाही ना?"

खरेच चालत नाही. काही वर्षांपूर्वी त्या इंजेक्शनाने मावशींच्या अंगभर गांधी उठून श्वास कोंडला होता. थोडक्यात वाचल्या. भरती होताना त्यांनी हे सिस्टरना सांगितले होते, आणि केसपेपरवर लाल शाईने लिहिलेही गेले होते. मग कार्डावर 'नाही' कुठून आले?

ते आले साच्यातून. वीटभट्टीवर जसा विटेचा साचा असतो, तसा आता दवाखान्याच्या कॉम्प्युटरमध्ये कागदाचा साचा असतो. बाळंतपणाचा वेगळा, मोतीबिंदूचा वेगळा, हाड मोडल्याचा वेगळा. काही ठिकाणी डॉक्टर आपापल्या सोयीने स्वतःचा साचा बनवून ठेवतात. रुग्णाचे नाव, वय, तारीख आपोआप येऊन बसते. 'ताप नाही', 'अ‍ॅलर्जी नाही', 'प्रकृती समाधानकारक' अशी वाक्ये आधीच भरलेली असू शकतात. डॉक्टरांनी वेगळे असेल तेवढे बदलायचे. कधी कालचे पान उचलून आजच्या पानावर ठेवले जाते. आता तर डॉक्टर-रुग्णाचे बोलणे ऐकून मजकूर भरणारे सॉफ्टवेअरही निघाले आहे.

साचा वाईट नाही, हे आधी सांगितले पाहिजे. डॉक्टरांचे हस्ताक्षर औषधवाल्यालाही लागत नसे, ते दिवस आपण पाहिले आहेत. ओपीडीत दाराबाहेरपर्यंत रांग असते, त्यात साच्यामुळे लिहिण्याचा वेळ वाचतो. अ‍ॅलर्जीचा रकाना समोर दिसला की विचारायची आठवणही होते. पण रकाना रिकामा असेल तरच! आधीच 'नाही' भरलेले असेल, तर न विचारताच ते छापले जाते. विटा सगळ्या सारख्या असतात. माणसे नसतात.

म्हणून वॉर्ड सोडण्यापूर्वी कार्ड कोणाकडून तरी वाचून घ्यावे. इंग्रजी असले तरी लाजू नये, सिस्टरना अर्थ विचारावा. नाव रेशनकार्डाप्रमाणे आहे का? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या कागदांत नावाचा फरक पुढे डोकेदुखी होतो. ऑपरेशन डाव्या अंगाचे की उजव्या? साखर, रक्तदाब, दमा हे जुने आजार लिहिले आहेत का? अ‍ॅलर्जी? आधीपासून चालू असलेल्या गोळ्या पुढे घ्यायच्या की बंद? पुन्हा कधी यायचे?

चूक दिसली तर आपण पेनाने खाडाखोड करू नये. ती कॉम्प्युटरमध्येच दुरुस्त करून नवा कागद मागावा. मावशींच्या मुलाने अर्ध्या दिवसाचा खाडा करून तेच केले. खिडकीवरचा माणूस म्हणाला, "वर पेनाने लिहून देतो." मुलगा म्हणाला, "साहेब, पेनाचं या कागदावरच राहील. पुढच्या वेळी मशीन पुन्हा 'नाही'च छापेल." डॉक्टरांना पटले. ती ओळ आधीपासूनच होती, माझ्या नजरेतून सुटली, असे ते मोकळेपणाने म्हणाले आणि नवे कार्ड दिले.

कागद मागणे म्हणजे उपकार मागणे नव्हे. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांप्रमाणे भरती रुग्णाची कागदपत्रे डॉक्टरांनी 3 वर्षे जपायची असतात, आणि रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागितल्यास 72 तासांत द्यायची असतात. अर्ज लेखी करावा, त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी.

ग्रंथात आहे किंवा गुरू सांगतो एवढ्यावरून काही खरे मानू नका, स्वतः पारखून घ्या, असे तथागतांनी कालामांना समजावले. मग कॉम्प्युटरने छापले म्हणून खरे कसे मानायचे? बाबासाहेबांनी आपल्याला शिकायला सांगितले ते केवळ नोकरीसाठी नव्हे. त्या नववीतल्या पोरीचे शिक्षण त्या दिवशी तिच्या आजीच्या उपयोगी पडले. ज्यांच्या घरी वाचणारे कोणी नाही, त्यांच्यासाठी रविवारी वंदनेनंतर विहारातल्या मुलामुलींनी अर्धा तास बसावे आणि दवाखान्याचे कागद वाचून द्यावेत. आजारी भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतःच्या हातांनी धुतले होते. आपल्याकडून निदान एवढी सेवा व्हावी.

जयभीम!