अलिबाग : वेळ ओळखून चालणारे गाव

समुद्रकाठच्या गावी चार दिवस हवापालट करण्याची आवड आता आपल्या कुटुंबांतूनही चांगली रुजली आहे. पाश्चात्य देशांत अशा गावांचे मुख्य भूषण म्हणजे किनाऱ्यालगत बांधलेला लाकडी फळ्यांचा फिरावयाचा मार्ग. अमेरिकेतील अटलांटिक सिटी येथे असा मार्ग १८७० साली प्रथम झाला. त्याचा मूळ हेतू अगदीच व्यावहारिक होता. समुद्रावर फिरून आलेल्या मंडळींच्या पायांबरोबर हॉटेलांत आणि आगगाडीच्या डब्यांत येणारी वाळू थांबवावयाची, एवढेच! पुढे त्या फळ्यांभोवतीच सारे गाव वाढले.

आपल्या कोकणपट्टीत अशा प्रकारचे गाव शोधू गेल्यास मला अलिबागचे नाव प्रथम सुचते. तेथे लाकडी मार्गाचा थाट नाही. पण निसर्गाने तेथे एक मार्ग दिला आहे, तो दिवसातून दोनदा उघडतो आणि दोनदा मिटतो. अलिबागच्या पुळणीपासून समोरच्या कुलाबा किल्ल्यापर्यंत ओहोटीच्या वेळी वाळूखडकांतून चालत जाता येते. भरती आली की तोच किल्ला चहूंकडून पाण्याने वेढलेला जलदुर्ग होतो.

ह्या दुर्गाचा इतिहास आपल्या वाचकांस थोडाफार ठाऊक असेलच. शिवछत्रपतींनी १६८० साली त्याचे काम आरंभिले आणि संभाजी महाराजांच्या कारकीर्दीत ते पुरे झाले. १७१३ साली बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने जो तह झाला, त्यानंतर सरखेल कान्होजी आंग्रे ह्यांचे हे मुख्य ठाणे ठरले. १७२१ च्या अखेरीस इंग्रज व पोर्तुगीज ह्यांनी एकत्र येऊन कुलाब्यावर स्वारी केली, ती सपशेल फसली. अलिबाग हे गावही कान्होजींच्याच काळात नांदते झाले. अली नावाच्या एका सधन बेने इस्रायली गृहस्थाच्या बागांवरून ते नाव पडले, अशी परंपरागत समजूत आहे. कान्होजी १७२९ साली निवर्तले. त्यांची समाधी गावातच आहे, आणि तीस नमस्कार केल्यावाचून कोणी परत येऊ नये.

किल्ल्याच्या आत राघोजी आंग्रे ह्यांनी १७५९ साली बांधिलेले श्रीसिद्धिविनायकाचे मंदिर असून तेथे गणेशपंचायतन आहे. चोहोंकडे खारे पाणी असता आत गोड्या पाण्याची पुष्करिणी आहे, हे पाहून मुलांस मोठे नवल वाटते. तटापाशी चाकांच्या गाड्यांवर बसविलेल्या दोन तोफा इंग्लंडात १८४९ साली ओतलेल्या आहेत. म्हणजे त्या आंग्र्यांच्या पराक्रमाच्या काळच्या नव्हेत, हे मुलांस अवश्य सांगावे.

गावातील दुसरे स्थळ प्रवाशांच्या सहसा दृष्टीस पडत नाही, पण शास्त्राची आवड असणाऱ्यांस ते तीर्थासारखे वाटावे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होत असे. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या सुरू होणार असे ठरले, तेव्हा त्यांच्या विद्युत्प्रवाहाने सूक्ष्म उपकरणे बिघडतील हे तिचे संचालक डॉ. नानाभाई मूस ह्यांनी ओळखले आणि हे काम १९०४ साली अलिबागेस आणिले. लोखंडाचा स्पर्शही नसलेल्या इमारती तेथे उभारल्या. दोन वर्षे दोन्ही ठिकाणी नोंदी घेऊन, मेळ बसल्याची खात्री झाल्यावरच कुलाब्याचे काम थांबविले. ट्रामगाड्या १९०७ साली आल्या आणि पुढे गेल्याही. अलिबागची नोंद मात्र भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या देखरेखीखाली अखंड चालू आहे. ‘अलिबागहून आला आहेस काय?’ असे म्हणून भोळ्या माणसाची थट्टा करण्याची रीत आहे. ह्या वाक्प्रचारास बंदी घालावी अशी याचिका मुंबई उच्च न्यायालयापुढे आली होती, ती न्यायालयाने २०१९ साली फेटाळली. माझ्या मते ह्या थट्टेस उत्तम उत्तर ती वेधशाळाच देते.

आता ज्या गोष्टीसाठी मुख्यतः हा लेख लिहावयास घेतला, तिकडे वळतो. किल्ल्यात रमलेली मंडळी परतीच्या वेळी पाण्याने अडविली जातात, अशा वार्ता अधूनमधून येतात. सोबत मुले व वृद्ध असली म्हणजे हा प्रसंग प्राणावर बेततो. आणि ह्यास कारण बहुधा समुद्राचा कोप नसून आपले पंचांगाकडे झालेले दुर्लक्ष असते.

संस्कृतात ‘वेला’ ह्या एकाच शब्दाचे भरती, किनारा आणि काळ असे तिन्ही अर्थ होतात. आपला ‘वेळ’ त्यातूनच आला. कोकणातील जुनी माणसे घड्याळावाचून भरती सांगत, ती तिथीवरून. त्यांचा नियम असा : तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, तितक्या वाजता भरती पूर्ण होते, आणि तेथून सुमारे सहा तासांनी ओहोटी. चतुर्थीस तिनाच्या सुमारास भरती, म्हणून नवाच्या सुमारास ओहोटी. अष्टमीस सहाला भरती, बाराला ओहोटी. ह्याची उपपत्तीही सोपी आहे. तीस तिथींत भरतीची वेळ दिवसाच्या साठ घटिका फिरून मूळ ठिकाणी येते, म्हणजे दर तिथीस ती दोन घटिका, अर्थात ४८ मिनिटे, पुढे सरकते. तोंडी हिशेबास सोयीचे म्हणून त्याचे ४५ केले. त्यामुळे पौर्णिमा-अमावास्येजवळच्या तिथींस अर्धा-पाऊण तास अधिक धरावा.

परंतु वेळेइतकेच पाण्याचे प्रमाणही पाहिले पाहिजे. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. तेव्हा पाणी फार चढत नाही, तसे फार उतरतही नाही, म्हणून दुपारची सोयीची ओहोटी असूनही वाट पाण्यातच राहू शकते. पौर्णिमा-अमावास्येस उधाण असते. पाणी दूरवर ओसरते खरे, पण ऐन ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास येते, आणि अंधार पडताना समुद्र ओलांडणे शहाणपणाचे नव्हे. तेव्हा द्वितीयेपासून चतुर्थीपर्यंतच्या तिथी मला उत्तम वाटतात. उधाणाचा जोर असतो आणि ओहोटी सकाळी आठ-नवाच्या सुमारास लाभते.

माणसे फसतात ती पाण्याच्या चालीने. सहा तासांच्या भरतीचे बारा भाग कल्पिले तर पहिल्या तासात एकच भाग पाणी चढते, दुसऱ्यात दोन, आणि तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन. पहिल्या तासाची मंद गती पाहून ‘अजून पुष्कळ अवकाश आहे’ असे वाटते, आणि तेथेच घात होतो. म्हणून पूर्ण ओहोटीच्या तास-दीड तास आधी निघावे व पाणी वळल्यावर तासाभराच्या आत पुन्हा अलिबागच्या वाळूवर असावे. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांसाठी ओहोटीच्या वेळी टांगे मिळतात. तिथीचा हिशेब हा अंदाज होय. भरती-ओहोटीचे छापील कोष्टक पाहावे, टांगेवाल्यास वा कोळीबांधवास विचारावे, आणि तो ‘आज नको’ म्हणाला तर मुकाट्याने पुळणीवर बसून नारळपाणी प्यावे. पावसाळ्यात हा बेत करूच नये.

मुंबईहून गेटवेपासून लाँचने मांडव्यास सुमारे तासाभरात पोहोचता येते. भाऊच्या धक्क्यावरून मोटारींसह नेणारी रो-रो बोट २०२० पासून आहे. आम्हां देवनारकरांस पनवेल-पेण-वडखळ हा खुष्कीचा मार्ग बरा. परतताना अलिबागचा पांढरा कांदा आणावयास विसरू नये.

जी भरती कुलाब्याच्या तटास लागते, तीच ठाण्याच्या खाडीतून आमच्या देवनारच्या मागे येते. १९२७ पासून ह्या खाडीकाठी मुंबईचा कचरा पडत आला, म्हणून आम्ही पाण्याकडे पाठ फिरविली. रोहित पक्षी मात्र ओहोटीची वेळ न चुकता साधून चिखलात उतरतात. २०२२ साली ह्या खाडीस रामसर स्थळाचा मान मिळाला, तो अशा पक्ष्यांमुळे. पाखरांस जे कळते, ते आपल्या मुलांसही कळावे. ह्या महिन्याचे पंचांग उघडून घरातील एका मुलास आजच्या भरतीची वेळ काढावयास सांगावी. जमल्यास पुढच्या चतुर्थीस सारे कुटुंब अलिबागेस न्यावे, आणि किल्ल्यातून परत केव्हा निघावयाचे ते त्याच मुलाने सांगावे.