साखरेच्या प्रयोगशाळेतील शिशाची भुकटी

गव्हाणीत मोळी पडली की अहिल्यानगर जिल्ह्यात चार विषय चर्चेत येतात: ऊसदर, उतारा, तोडणी आणि वजनकाटा. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याचे पहिले गाळप झाले, तेव्हापासून या जिल्ह्याचे अर्थकारण आणि राजकारण उसाभोवती फिरत आले आहे. पण कारखान्यातील एका खोलीची चर्चा सहसा होत नाही. ती खोली म्हणजे प्रयोगशाळा. तिथे दिवसाच्या तिन्ही पाळ्यांत रसाचे नमुने येतात, तपासले जातात आणि आकडे नोंदवहीत चढतात. या तपासणीसाठी अनेक दशके वापरात असलेली पांढरी भुकटी शिशाची आहे.

तिचे नाव बेसिक लेड ॲसिटेट. कारखान्यात तिला 'ड्राय लेड' किंवा नुसतेच 'लेड' म्हणतात. रसातील साखर मोजण्यासाठी पोलॅरिमीटर हे उपकरण वापरतात. साखरेच्या द्रावणातून विशिष्ट प्रकारचा प्रकाश गेला की त्याची दिशा थोडी वळते, आणि ती किती वळली यावरून साखरेचे प्रमाण कळते. अडचण अशी, की उसाचा ताजा रस गढूळ आणि गडद असतो. त्यातून प्रकाश आरपार जात नाही. शिशाची भुकटी घातली की रसातील रंगद्रव्ये, प्रथिने आणि डिंकासारखे पदार्थ साका होऊन खाली बसतात. गाळणकागदातून स्वच्छ द्रव खाली येतो आणि उपकरणात आकडा दिसतो. विसाव्या शतकाच्या आरंभी हॉर्न या अमेरिकी रसायनतज्ज्ञाने द्रावणाऐवजी कोरडी भुकटी वापरण्याची पद्धत रूढ केली. ती सोपी, स्वस्त आणि झटपट असल्याने जगभर पसरली.

शिशाचे हे कुटुंब मराठी घराला अनोळखी नाही. पारंपरिक शेंदूर हे शिशाचे ऑक्साइड. मुरदाडशिंग हे दुसरे ऑक्साइड, त्याच्यापासूनच बेसिक लेड ॲसिटेट तयार करतात. या भुकटीचा सख्खा भाऊ असलेले साधे लेड ॲसिटेट चवीला गोड असते, म्हणून जुन्या रसायनशास्त्रात त्याला 'शिशाची साखर' असेच नाव होते. चव किंवा वास यांपैकी काहीही माणसाला सावध करत नाही, ही या पदार्थाची पहिली अडचण.

दुसरी अडचण ती भुकटी असण्यात आहे. या भुकटीच्या वजनाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग शिशाचाच असतो. बाटलीचे झाकण उघडताना, चमचा झटकताना, तराजूवर सांडलेले फुंकर मारून उडवताना बारीक कण हवेत जातात. डोक्यावर पंखा फिरत असेल तर ते खोलीभर पसरतात. श्वासातून गेलेले शिसे फुप्फुसातून रक्तात मिसळते. टेबलावर बसलेले कण बोटांना लागतात आणि चहा, बिस्कीट किंवा तंबाखूच्या चिमटीबरोबर पोटात जातात. अखंड कातडीतून अशी अकार्बनी शिशाची संयुगे फारशी आत शिरत नाहीत. त्यामुळे खरा धोका नाक आणि तोंडाचा आहे.

शिशाचा परिणाम एका दिवसात दिसत नाही. शरीर त्याला कॅल्शियमसारखे वागवते आणि हाडांत साठवते, तिथे ते वर्षानुवर्षे राहते. रक्तातील हिमोग्लोबिन तयार होण्याच्या क्रियेत ते अडथळा आणते, रक्तदाब वाढवते, मूत्रपिंड आणि मज्जातंतूंना इजा करते. थकवा, बद्धकोष्ठता, पोटात कळ, डोकेदुखी, चिडचिड ही सुरुवातीची लक्षणे इतकी सामान्य आहेत, की हंगामातील रात्रपाळीच्या माथी मारून माणूस मोकळा होतो. डॉक्टरांनी कामाचे स्वरूप विचारले नाही, तर निदानही हुकते. गर्भवतीच्या रक्तातून शिसे बाळापर्यंत पोहोचते. पोटात गेलेले शिसे लहान मुले मोठ्यांच्या चार ते पाच पट शोषून घेऊ शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. प्रयोगशाळेतला कोट घरी धुवायला नेला, तर ही धूळ त्याच्याबरोबर घरात येते. रक्तातील शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानता येत नाही, ही या संघटनेची भूमिका आहे. प्रति डेसिलिटर ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसे आढळल्यास ते कुठून येते हे शोधून संपर्क थांबवावा, असे तिची २०२१ ची मार्गदर्शक सूचना म्हणते.

कायद्याला हे ठाऊक नाही असे नव्हे. कारखाने अधिनियम, १९४८ मधील नोंद बंधनकारक असलेल्या व्यावसायिक आजारांच्या यादीत पहिलेच नाव शिशाच्या विषबाधेचे होते. त्याच कायद्याने कामाच्या जागेच्या हवेत शिशाची मर्यादा दर घनमीटरला ०.१५ मिलिग्रॅम ठेवली. अमेरिकेतील मर्यादा ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे तिच्या एक तृतीयांश आहे. भारताने २००० मध्ये पेट्रोलमधून शिसे हद्दपार केले. घरगुती रंगांतील शिशावर २०१७ पासून ९० पीपीएमची मर्यादा आली. हे दोन्ही स्रोत सगळ्यांच्या नजरेसमोरचे होते. प्रयोगशाळेतली बाटली मात्र कपाटात असते आणि तिचा संबंध मोजक्या रसायनतज्ज्ञांशी व मदतनिसांशी येतो. त्यातही अनेक जण हंगामी असतात. हंगाम संपला की ते घरी जातात, आणि त्यांच्या तब्येतीची नोंद कोणाकडेच राहत नाही.

भुकटी नीट ठेवणे हे केवळ कामगाराच्या हिताचे नाही, मोजणीच्याही हिताचे आहे. बेसिक लेड ॲसिटेट हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घेते आणि त्याचे हळूहळू न विरघळणारे कार्बोनेट होते. झाकण सैल राहिलेल्या बाटलीतील भुकटीची ताकद अशी कमी होत जाते. मग रस नीट निवळत नाही, म्हणून अंदाजाने जास्त भुकटी घातली जाते. जादा शिसे रसातील फळशर्करेच्या गुणधर्मावर परिणाम करते आणि पोलॅरिमीटरचा आकडा प्रत्यक्षापेक्षा जास्त येऊ शकतो. रसात जास्त साखर दिसली आणि पोत्यात तेवढी आली नाही, की फरक 'अनिर्धारित घट' या रकान्यात जातो. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी आहे आणि पुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये वाढ आहे. उतारा प्रत्यक्ष तयार झालेल्या साखरेवरूनच ठरतो. पण साखर नेमकी कुठे गळते आहे हे शोधण्याचे साधन प्रयोगशाळाच आहे, आणि तिचा आकडा चुकला तर गळती भलतीकडेच शोधली जाते.

हाताळणीचे नियम खर्चिक नाहीत. भुकटी घट्ट झाकणाच्या मूळ बाटलीत, कोरड्या व थंड जागी, कुलूपबंद कपाटात ठेवावी. बाटलीवर मराठीत ठळक नाव, विषाचे चिन्ह आणि उघडल्याची तारीख असावी. खाण्याच्या डब्यात किंवा जुन्या बाटलीत ती कधीच काढून ठेवू नये. वजन करताना पंखा बंद ठेवावा, शक्यतो हवा बाहेर ओढणाऱ्या कपाटात काम करावे, हातमोजे आणि एन-९५ मास्क वापरावा. दर वेळी तराजूवर तोलण्याऐवजी ठरावीक मापाचा चमचा ठेवला तर सांडणेही कमी होते. सांडलेली भुकटी झाडूने झाडू नये, ओल्या फडक्याने टिपावी आणि ते फडके घातक कचऱ्यात टाकावे. प्रयोगशाळेत चहा आणि तंबाखू पूर्ण बंद हवी. कोट कारखान्यातच धुतला जावा. हंगामाच्या सुरुवातीला आणि शेवटी रक्तातील शिशाची तपासणी केली तर कोण किती धोक्यात आहे ते आकड्यांतच कळेल.

मग प्रश्न उरतो वापरून झालेल्या शिशाचा. एका नमुन्याला एक ग्रॅम, दिवसाला पन्नास नमुने आणि दीडशे दिवसांचा हंगाम असे समजले, तर एका प्रयोगशाळेत साडेसात किलो भुकटी खर्ची पडते. म्हणजे साडेपाच किलोहून अधिक शिसे. ते गाळणकागदावरच्या साक्यात आणि उरलेल्या रसात असते. हा रस पुन्हा प्रक्रियेत मिसळायचा नाही, हा प्रयोगशाळेचा मूलभूत नियम आहे. तो पाळला की साखरेत हे शिसे येण्याचा प्रश्न राहत नाही. पण तोच रस बेसिनमध्ये ओतला, तर शिसे सांडपाण्यात जाते. सांडपाणी प्रक्रिया यंत्रणा सेंद्रिय घाण कुजवते, शिसे मात्र कुजत नाही. ते गाळात बसते किंवा पाण्याबरोबर शेतात जाते. म्हणून साका आणि उरलेला रस वेगळ्या पिंपात जमा करणे, सोडियम कार्बोनेटसारख्या क्षाराने शिसे न विरघळणाऱ्या रूपात आणणे आणि तो गाळ अधिकृत घातक कचरा प्रक्रिया केंद्राकडे सोपवणे, हाच योग्य मार्ग आहे. २०१६ च्या घातक कचरा नियमांची चौकट त्यासाठी उपलब्ध आहे.

त्याहून चांगला मार्ग शिसे वापरणेच थांबवण्याचा. साखर विश्लेषणाच्या पद्धती ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था इकुम्सा १८९७ पासून काम करते आहे, आणि तिने शिशाविना चालणाऱ्या पद्धतींनाही मान्यता दिली आहे. एका पर्यायात ॲल्युमिनियमचे क्षार रस निवळतात. दुसऱ्यात पोलॅरिमीटर पिवळ्या प्रकाशाऐवजी सुमारे ८८० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश वापरतो. रसाचा गडद रंग या प्रकाशाला अडवत नाही, त्यामुळे रस नुसता नीट गाळला तरी पुरते. हे उपकरण महाग आहे आणि जुन्या आकड्यांशी तुलना करण्यासाठी काही काळ दोन्ही पद्धती शेजारी शेजारी चालवाव्या लागतील. पण दररोज हजारो टन ऊस गाळणाऱ्या कारखान्याच्या खर्चात ही रक्कम मोठी नाही. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि कानपूरची राष्ट्रीय साखर संस्था यांनी बदलाचे वेळापत्रक आखून दिले, तर एकेकट्या कारखान्याला चाचपडावे लागणार नाही.

सहकारी कारखान्याचा मालक सभासद असतो. वार्षिक सभेत दर आणि उताऱ्याचे प्रश्न विचारले जातातच. त्याच्या जोडीला आणखी तीन विचारता येतील: प्रयोगशाळेत या वर्षी किती लेड आले, वापरलेले कुठे गेले, आणि ते हाताळणाऱ्यांच्या रक्ताची तपासणी झाली का? खरेदीची नोंद, कचऱ्याची पावती आणि तपासणीचा अहवाल, एवढ्या तीन कागदांत या प्रश्नांची उत्तरे मिळायला हवीत.