उद्यानातील स्तंभ आणि तेथून उठविलेली माणसे

एखाद्या समाजाची कला सार्वजनिक उद्यानात उभी राहिली म्हणजे त्या समाजाला मान मिळाला, असे आपण सहज धरून चालतो. परंतु कलेचा गौरव आणि माणसाचा हक्क या दोन भिन्न गोष्टी आहेत. कॅनडातील व्हँकूव्हर शहराच्या स्टॅन्ले पार्कचा इतिहास आपण या दृष्टीने अवश्य पाहावा.

हे उद्यान १८८८ साली खुले झाले. ती भूमी मस्क्वियम, स्क्वामिश व त्स्लेवाटुथ या मूलनिवासी लोकांची. त्यांच्या जुन्या गावाजवळचे शिंपल्यांचे ढिगारे खणून उद्यानाचा रस्ता घातला गेला. पुढे १९२० नंतरच्या दशकात शोभेसाठी तेथे मूलनिवासींचे कोरीव स्तंभ उभारण्यात आले. तेही स्थानिक लोकांचे नव्हते. दूरच्या अलर्ट बे येथून विकत आणलेले होते. नेमक्या त्याच दशकात उद्यानातील ब्रॉकटन पॉइंट येथे राहणाऱ्या कुटुंबांना घराबाहेर काढण्यासाठी दावे चालले. त्या कुटुंबांत स्क्वामिश मातांची संतती होती. साठ वर्षांचा ताबा सिद्ध झाला नाही, म्हणून १९२५ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयात ती हरली. पुढे ते स्तंभ हलविले गेले, तेही याच ब्रॉकटन पॉइंटवर!

त्या काळचा कायदाही लक्षात घ्या. ज्या पॉटलॅच समारंभात असे स्तंभ उभारले जात, तो समारंभ १८८५ पासून १९५१ पर्यंत गुन्हा होता. मूलनिवासींच्या दाव्यांसाठी सरकारी संमतीवाचून वर्गणी गोळा करणे, हाही १९२७ पासून १९५१ पर्यंत गुन्हाच होता. मग वकील द्यावा तरी कसा? वकिलीचा व्यवसाय करणाऱ्या मला या कायद्याइतकी दुसरी कोणतीही गोष्ट बोचत नाही. स्तंभाला उद्यानात जागा होती. तो कोरणाऱ्याला न्यायालयाची वाट बंद होती.

पुढे काही सुधारणा झाली, हे सांगणेही न्याय्य आहे. २००८ साली मस्क्वियम शिल्पकार सुसान पॉइंट यांनी घडविलेली तीन लाकडी प्रवेशद्वारे तेथे उभी राहिली. २००९ साली स्क्वामिश शिल्पकार रॉबर्ट येल्टन यांनी आपल्या आईच्या स्मरणार्थ स्तंभ कोरला. त्या माऊलीचे घर ब्रॉकटन पॉइंटवरच होते. येथे कला आपल्या माणसांच्या हातून, आपल्या नावाने आली. तरीही स्मारक म्हणजे गेलेले घर नव्हे.

आपल्याकडेही बागांच्या भिंती वारली चित्रांनी सजविल्या जातात. ती पाहून आनंद जरूर माना. पण प्रश्न विचारण्यास कचरू नका. चित्र कोणी काढले? त्याचे नाव तेथे आहे काय? मोबदला कोणास मिळाला? आणि ज्या पाड्यावर ही कला उपजली, तेथील जमिनीचा सातबारा कोणाच्या नावावर आहे? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत भिंतीवरच्या रंगाला न्याय समजू नका.