मासा दलाल, शैवाल गिरणी

आम्ही कापडवाले. ठाण उलगडण्याआधी माल कोणत्या गिरणीचा, हे पाहण्याची आम्हाला सवय. आपल्या अनेक बांधवांची औषधांची आणि किराण्याची दुकाने आहेत. तिथे हल्ली ओमेगा-३ च्या कॅप्सूल खपतात. तेव्हा या मालाचीही गिरणी पाहिलेली बरी.

लोक समजतात, हे तेल मासा तयार करतो. खरे पाहता मासा हा दलाल आहे. ईपीए आणि डीएचए ही त्यातली दोन मौल्यवान मेदाम्ले मुख्यतः समुद्रातले सूक्ष्म शैवाल बनवते. ते शैवाल बारीक जीव खातात, त्यांना लहान मासे आणि लहानांना मोठे. माल असा हातोहात वर चढतो.

दलालाच्या भरवशावरचा धंदा किती कच्चा, ते २०२३ मध्ये दिसले. मत्स्यतेलाच्या पुरवठ्यात पेरू हा देश सर्वांत पुढे. त्या वर्षी एल निनोमुळे तिथला समुद्र तापला, सरकारने अँचोवी मासळीचा पहिला हंगाम रद्द केला आणि जगभर तेलाचे भाव कधी नव्हे इतके भडकले.

काही लोक मात्र आधीच थेट गिरणीत पोहोचले होते. अमेरिकेतील मेरीलँडच्या मार्टेक कंपनीने पोलादी टाक्यांत साखरेवर शैवाल वाढवून डीएचए काढले. २००१ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने बाळांच्या दुधाच्या पावडरीत ते घालण्यास हरकत घेतली नाही. २०११ मध्ये डीएसएम या डच कंपनीने मार्टेक सुमारे १.१ अब्ज डॉलरला विकत घेतली. २०१९ मध्ये नेब्रास्कातील ब्लेअर गावी सामन माशांच्या खाद्यासाठी असेच तेल काढणारा कारखाना सुरू झाला. दलाल होता तो मासाच आता गिऱ्हाईक झाला!

हे तेल सहसा माशाच्या तेलाहून महाग पडते. तरी पुढचा जमाना त्याचा आहे, असे आमचे मत आहे. मात्र माल भरण्याआधी तीन गोष्टी तपासा.

पहिली, माप. डबीवर १००० मिलिग्रॅम छापलेले असते, ते सगळ्या तेलाचे वजन. साध्या मत्स्यतेलात ईपीए आणि डीएचए मिळून बहुधा ३०० मिलिग्रॅमच भरतात. गिऱ्हाइकाला हा दुसरा आकडा दाखवा.

दुसरी, जात. जवसाच्या तेलातही ओमेगा-३ असते, पण ते वेगळे. शरीर त्यापासून डीएचए फारच थोडे बनवते. एकाच्या नावावर दुसरे विकणे म्हणजे पॉलिस्टरला रेशीम म्हणणे.

तिसरी, वेष्टन. तेल शैवालाचे असले तरी कॅप्सूलचे कवच जिलेटिनचे असू शकते, आणि जिलेटिन जनावराच्या कातडी-हाडांपासून बनते. जनावर कोणते, जबिहा कसा, हे विचारल्याशिवाय हलाल म्हणू नका. स्टार्च आणि समुद्री वनस्पतीपासून केलेली कवचेही मिळतात.

आणि भावांनो, हृदयविकाराची हमखास दवा म्हणून हे विकू नका. अमेरिकेत सुमारे २६ हजार लोकांवर झालेल्या चाचणीचा निकाल २०१८ मध्ये आला. रोजच्या एक ग्रॅम ओमेगा-३ ने हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचे एकूण प्रमाण ठळकपणे घटले नाही. आजाऱ्याला डॉक्टरकडे पाठवा. एक डबी कमी खपेल, पण साख राहील. आणि बरकत साखेतच असते.