प्रथिनाचा आकडा आणि आमची सरकी



शेततळ्यात मासळी पाळा, असा उपदेश करणारे आता गावोगाव फिरतात. मागे एक जण खाद्याची पोतीच घेऊन आला. म्हणाला, पंगसला ४० टक्के प्रथिनाचेच खाद्य घाला. जितके प्रथिन जास्त, तितका मासा मोठा. आमच्यातल्या काहींनी उधारीवर पोती उचलली. मासे वाढले, नाही असे नाही. पण मासळीचा पैसा सगळा खाद्याच्या उधारीत गेला.

हा हिशोब अमेरिकेतल्या कापूसवाल्यांनी आपल्याआधी करून पाहिला आहे. मिसिसिपीचा डेल्टा हा कापसाचाच मुलूख. १९६० नंतर तिथे कापसाच्या रानांत तळी खोदली गेली आणि कॅटफिश, म्हणजे आपल्या मागूर-पंगसच्या गोतातला मिशाळ मासा, पाळला जाऊ लागला. वर्षानुवर्षे ३२ टक्के प्रथिनाचे खाद्य चालले. स्टोनव्हिलच्या संशोधन केंद्राने तळ्यांत चाचण्या घेतल्या तेव्हा दिसले, की पोटभर खाणारा मासा २८ टक्क्यांवरही तेवढाच वाढतो. पंगसची जात वेगळी, पण विक्रीच्या पंगसलाही तिसाच्या आतले खाद्य चालते.

बारक्या जिऱ्याला ४५-५० टक्के लागते, बोटुकलीला ३५च्या आसपास. मोठ्या माशाचे तसे नाही. अंगी लागेल तेवढ्याच प्रथिनाचे मांस होते. वरचे शरीर जाळून टाकते आणि त्यातले नत्र अमोनिया होऊन पाण्यात उतरते. उन्हाळ्याच्या तोंडी आपली तळी बुडाशी जातात, तेव्हा हाच अमोनिया मासे मारतो. विकतचे विष! जाळायलाच हवे तर पिष्ट आहे, मक्यात आहे, आमच्या ज्वारीत आहे.

आणि पोत्यावरचा आकडा तरी काय सांगतो? प्रयोगशाळेत नत्र मोजतात, ६.२५ ने गुणतात आणि त्याला प्रथिन म्हणतात. नत्र तर युरियातही असते. २००८ साली चीनमध्ये दुधातले मेलामाइन उघडकीला आले, ते याच आकड्याला फसवण्यासाठी घातलेले होते.

आता घरचे. क्विंटलभर कापसातून रुई निघते ३३-३४ किलो, सरकी साठाच्या वर. सोललेल्या सरकीच्या पेंडीत ४० टक्क्यांच्या आसपास प्रथिन असते, आणि अमेरिकेत ती कॅटफिशच्या खाद्यात वापरली गेली आहे. तिचे दोष आम्ही लपवत नाही. लायसीन कमी, वर गॉसिपॉल हे कपाशीचे अंगचे विष. पेंडीचे प्रमाण बेताचे ठेवले, लायसीन वरून घातले, तर मासा ती पचवतो. (म्हणून गोठ्यातली ढेप टोपलीने तळ्यात ओतू नका, तिच्यात टरफलच फार.) मग आमच्या सरकीतले प्रथिन ढेपेच्या भावाने जाणार, आणि तेच प्रथिन गोळी होऊन परत येताना आम्ही कोणत्या भावाने घ्यायचे?

पचणारे प्रथिन किती, लायसीन किती, पेंड कोणती, हे पोत्यावर छापले पाहिजे. छापत नाहीत तोवर उधारीवर एकही पोते उचलायचे नाही, असा ठराव जिल्हा बैठकीत मांडणार आहोत. ज्यांनी खाद्य घेतले त्यांनी पोत्यांवरची लेबले आणि पावत्या सोबत आणाव्यात.